दोष सुनेचा की तापाचा?



आजचा विषय आपल्याकडे चारचौघांत काढला जात नाही. पुरुष तो काढतच नाहीत, आणि बायका काढतात तो कुजबुजत, एखादीच्या पाठीमागे. परंतु न बोलल्याने प्रश्न सुटत नाही. फक्त त्याचा भार घरातल्या सर्वांत दुबळ्या खांद्यावर जाऊन बसतो. म्हणून आज संकोच बाजूला ठेवून लिहीत आहे. नवरा-बायकोने हा मजकूर मिळून वाचावा आणि जमल्यास सासूबाईंनाही वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीच्या आधी चार-सहा दिवसांची गोष्ट. हातखंब्याच्या तिठ्यावर मी एस.टी.ची वाट पाहत उभा होतो. रत्नागिरीचा रस्ता इथे मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, त्यामुळे पालीचा, निवळीचा, संगमेश्वरचा कोणी ना कोणी ओळखीचा भेटतोच. त्या दिवशी एक आक्का भेटल्या. नाव-गाव सांगत नाही. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे ती याच अटीवर. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी कमरेच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला.

“भाऊ, तू हापिसातला मानूस. येवढा कागद वाचून दाव. डाक्टर काय बोलला ता मना कळला नाय. पोरगा काय सांगत नाय. दोन दीस झाले, जेवला पन नाय.”

कागद शहरातल्या एका खासगी प्रयोगशाळेचा होता. त्यांच्या मुलाच्या वीर्याची तपासणी केलेली होती. कारकुनाची सवय अशी, की कागद हातात आला की आधी तारीख पाहायची, मग मजकूर. तारीख त्याच आठवड्यातली होती. मजकुरात शुक्रजंतूंची संख्या एका मिलिलिटरला ७० लाख लिहिली होती आणि पुढे ‘कमी’ असा शेरा होता.

मी विचारले, “आक्का, मुलगा मध्यंतरी आजारी होता काय?”

“व्हय तर! भादव्यात घरातली सगली खोकत होती. ह्यो तर चार दीस तापान नुसता फणफणला. येके राती एकशे तीन ताप व्हता.”

“आणि सूनबाई कुठे आहेत?”

आक्का जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “म्हायेरी धाडलीय. लोकं बोलाय लागली. आमाला वाटला, तिच्यातच काय तरी हाय.”

मग मी हिशोब मांडला. लग्नाला दीड वर्ष झालेले. त्यातले पहिले वर्ष मुलगा मुंबईला कामाला आणि सून गावी. दोघांचा एकत्र संसार जेमतेम सहा-सात महिन्यांचा. तेवढ्यात वाडीतल्या बायकांनी सुनेला नाव ठेवून टाकले होते. एका नामकरणाच्या कार्यक्रमात तर शेजारणीने तिच्या हातात बाळ द्यायचे टाळले. दोन दवाखान्यांत तिच्या तपासण्या झाल्या, त्यात काही निघाले नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी मुलाला तपासून घ्या म्हटले, आणि हा कागद हाती आला. आता घराची नजर सुनेवरून मुलाकडे वळली होती. तो संध्याकाळी कामावरून सुटला की घरी न येता भलतीकडेच बसू लागला होता.

मी आक्कांना एवढेच म्हणालो, “हा कागद खोटा नाही, पण तो अवेळी काढलेला आहे. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ताप कधी आला होता ते आधी सांगा.” मी डॉक्टर नव्हे, बी.कॉम. झालेला एक कारकून आहे. पण त्या दिवसानंतर मी हा विषय डॉक्टर मंडळींना विचारून आणि वाचून समजून घेतला. तो आपल्या भाषेत आपल्यापुढे ठेवतो.

भात पोटरीत असताना वादळ आले तर

आपण कोकणातली माणसे. भात पोटरीत असताना मोठे वादळ झाले तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. रोप उभे दिसते, पण दाणा पोचट राहतो. ते नुकसान वादळाच्या दिवशी दिसत नाही, कापणीला दिसते. आणि म्हणून कोणी जमीन नापीक झाली असे म्हणत नाही. पुढच्या हंगामात त्याच कुणग्यात पुन्हा भात उभे राहते.

पुरुषाच्या शरीरातही असेच चालते. वृषणात शुक्रजंतू सतत तयार होत असतात. दर सेकंदाला हजाराच्या घरात. पण एक शुक्रजंतू मूळ पेशीपासून पुरता घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. नंतर वृषणामागच्या गुंडाळलेल्या नळीत तो आणखी काही दिवस मुरतो, पोहायला शिकतो आणि मग बाहेर पडण्यास योग्य होतो. हा सगळा काळ धरला तर तीन महिन्यांच्या आसपास जातो. म्हणजे आज जो नमुना तपासला, तो आजचा माल नव्हे. आमच्या भाषेत सांगायचे तर तो गेल्या तिमाहीचा ताळेबंद आहे. त्या तिमाहीत कारखाना चार दिवस बंद पडला असेल, तर तोटा आजच्या कागदावर दिसणारच.

कारखाना बंद का पडतो? निसर्गाने वृषण शरीराच्या आत न ठेवता बाहेर पिशवीत ठेवले, त्याला कारण आहे. शुक्रजंतू घडण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस थंड जागा लागते. फ्लूचा, कोविडचा किंवा कोणताही जोराचा ताप आला की सारे शरीर तापते आणि ही जागाही तापते. अर्धवट घडलेल्या पेशी त्या उष्णतेने मरतात किंवा सदोष निघतात.

हे तपासून पाहिलेले आहे. डेन्मार्कमध्ये २७ निरोगी पुरुषांचे नमुने अनेक महिने तपासून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शुक्रजंतू घडण्याच्या नाजूक टप्प्यावर ताप आला असेल, तर पुढे त्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली. २००० साली अमेरिकेतल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला फ्लू होऊन ताप १०४ अंश फॅरनहाइटच्या जवळ गेला होता. पुढे काही आठवडे त्याच्या शुक्रजंतूंमधील आनुवंशिक द्रव्याची घडी बिघडलेली आढळली आणि नंतर ती पूर्ववत होत गेली.

ताप हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे विषाणूशी लढताना शरीरात जी सूज आणि दाह होतो, त्याची झळ वृषणापर्यंत जाते. तिसरे, मोठ्या आजारपणात पुरुषी संप्रेरक काही काळ कमी होते, इच्छाही मंदावते. अंगात त्राण नसताना इच्छा नसणे हे दुबळेपण नव्हे. आणि एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. शुक्रजंतू कमी असणे म्हणजे नपुंसकत्व नव्हे. ज्याची संख्या कमी आहे त्याचे वैवाहिक जीवन अगदी नेहमीसारखे असू शकते. हे दोन शब्द एक समजून आपल्याकडे कितीतरी तरुणांनी मान खाली घातली आहे.

मुंबईत आणि पाटण्यात काय आढळले

कोविडच्या साथीनंतर हा प्रश्न आपल्या देशातही तपासला गेला. मुंबईचे जसलोक रुग्णालय आणि पवईची आयआयटी यांतील संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोविडच्या सौम्य किंवा मध्यम आजारातून बरे झालेले १७ पुरुष आणि १० निरोगी पुरुष त्यांनी तपासले. सर्वांचे वय २० ते ४५ आणि कोणालाही आधी वंध्यत्वाची तक्रार नव्हती. बरे झालेल्यांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी दिसली, नीट आकाराचे शुक्रजंतूही कमी दिसले. वीर्यातली काही प्रथिने बदललेली होती. प्रजननाशी संबंधित दोन प्रथिने तर निम्म्याहूनही खाली गेली होती. संख्या लहान आहे, त्यामुळे यावरून साऱ्या पुरुषांबद्दल निकाल देता येत नाही. पण सौम्य आजारही खूण ठेवून जाऊ शकतो, एवढे त्यातून कळते.

पाटण्याच्या एम्स रुग्णालयात ३० कोविडग्रस्त पुरुषांचे नमुने दोनदा तपासले गेले. पहिल्या वेळी ३० पैकी १२ जणांची संख्या कमी होती. सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा ती फक्त तिघांची कमी राहिली होती. कोणाच्याही वीर्यात कोविडचा विषाणू सापडला नाही. बारावरून तीनवर, हा आकडा मला फार बोलका वाटतो. बहुतेकांचे बीज सावरते, थोड्यांना जास्त वेळ लागतो, आणि म्हणूनच दुसरी तपासणी महत्त्वाची.

परदेशातल्या एका मोठ्या पाहणीतही हेच दिसले. अमेरिका आणि कॅनडात मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या २,१२६ जोडप्यांची माहिती बोस्टन विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या पुरुषांना गेल्या ६० दिवसांत कोविड झाला होता, त्यांच्या जोडप्यांत त्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी होती. आजार होऊन त्याहून जास्त दिवस झालेल्यांत असा फरक उरला नाही.

लसीबद्दलही इथेच सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाड्यावस्त्यांत लशीने माणूस नपुंसक होतो ही अफवा घरोघर फिरली होती. ३ जानेवारी २०२१ रोजी देशाचे तेव्हाचे औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी यांनी दोन लशींना मंजुरी जाहीर केली, तेव्हा या अफवेचाही स्पष्ट शब्दांत निषेध केला होता. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मायामी विद्यापीठाने ४५ तरुणांचे नमुने लस घेण्याआधी आणि दोन डोस झाल्यावर तपासले. शुक्रजंतू कमी झाले नाहीत. बोस्टनच्या पाहणीतही लस घेतलेल्या जोडप्यांत फरक दिसला नाही. म्हणजे ज्या भीतीने लोक लशीपासून पळाले, ती भीती लशीऐवजी आजाराचीच धरायला हवी होती.

गालगुंड हा पोरखेळ नव्हे

खोकल्या-शिंकण्यातून पसरणाऱ्या आजारांत पुरुषाच्या दृष्टीने सर्वांत जपण्यासारखा आजार म्हणजे गालगुंड. लहानपणी तो झाला तर बहुधा सहज बरा होतो. पण वयात आलेल्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला झाला, आणि त्याने लस घेतलेली नसली, तर चार-पाच जणांतून एकाच्या वृषणाला सूज येते. गाल सुजल्यानंतर साधारण आठवडाभरात वृषण दुखू लागते, लाल होते, पुन्हा ताप भरतो. बहुधा एकाच बाजूला असे होते. सूज गेल्यावर ते वृषण काही जणांत लहान राहते, पण दुसरे शाबूत असते, म्हणून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येते. दोन्ही बाजूंना सूज आली तर मात्र धोका वाढतो.

आपली मुले वसतिगृहांत राहतात, एका खोलीत आठ-दहा जण. तिथे एकाला गालगुंड झाले की पसरायला वेळ लागत नाही. गाल सुजल्यापासून पाच दिवस त्या मुलाला वेगळे ठेवावे. वृषण दुखले तर त्याने लाजून लपवू नये, आणि वसतिगृहाच्या गृहपालांनी त्याची चेष्टा होऊ देऊ नये. गालगुंडाची लस एमएमआर या नावाने मिळते. सरकारी मोफत लसीकरणात गोवर-रुबेलाची लस दिली जाते. गालगुंडाचा भाग असलेली लस बालरोगतज्ज्ञांकडे वेगळी मागावी लागते. लेकराच्या पहिल्या वाढदिवसाच्या खर्चातून थोडे बाजूला काढून ती चौकशी जरूर करावी.

आणखी एक इशारा. गालगुंड असो वा नसो, एखाद्या मुलाचे किंवा तरुणाचे वृषण अचानक जोरात दुखू लागले तर सकाळची वाट पाहू नये. कधी कधी वृषणाला पीळ पडलेला असतो आणि सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचते. अशा वेळी तेल चोळत बसू नका, सरळ जिल्हा रुग्णालय गाठा.

तपासणीचा कागद कसा वाचावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वीर्य तपासणीचे जे मापदंड दिले, त्यात एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची पायरी धरली आहे. वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, हालचाल करणारे ४२ टक्के आणि नीट आकाराचे ४ टक्के. होय, फक्त चार टक्के! कागदावर ‘९० टक्के सदोष आकार’ असे वाचून कोणी हादरू नये.

या पायऱ्या कशा ठरवल्या तेही माहीत असावे. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा बाप झालेल्या पुरुषांचे आकडे घेतले. त्यांतले शेवटचे पाच टक्के ज्या आकड्याखाली होते, तो आकडा म्हणजे ही पायरी. याचा अर्थ, शंभर बापांतले पाच बाप या पायरीच्या खालीच होते! पायरीखाली असणे म्हणजे दार बंद असणे नव्हे. वाट थोडी लांबची असू शकते, इतकेच. आणि याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ज्यांना सध्या मूल नको आहे, त्यांनी ताप आला होता किंवा रिपोर्ट कमी आला म्हणून पाळणा लांबवण्याची साधने सोडू नयेत. फसगत होईल.

एका रिपोर्टवर निकाल देऊ नये. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संबंध नसावा. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा; घरून न्यायचा झाल्यास तो उन्हात किंवा बर्फात न ठेवता अंगाजवळ धरून तासाभरात पोचवावा. गावातून एस.टी.ने दोन तास हिंडत नेलेला नमुना काय सांगणार? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागच्या तीन महिन्यांत ताप, गालगुंड, मोठे आजारपण किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते तारखेसह डॉक्टरांना सांगावे. आपले तरुण ते सांगत नाहीत, कारण त्यांना वाटते खोकल्या-तापाचा इथे काय संबंध. संबंध आहे.

काय करावे, काय करू नये

ताप आला की अंगावर काढू नये. एक खाडा वाचवण्यासाठी तापात भट्टीसमोर किंवा ट्रकच्या गरम केबिनमध्ये बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पोटापुढे इलाज नसतो हे खरे. पण जमेल तेवढी विश्रांती, भरपूर पाणी-पेज, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ताप उतरवण्याची साधी पॅरासिटामॉलची गोळी, एवढे केले तरी पुष्कळ. विषाणूच्या तापाला प्रतिजैविक गोळ्या लागू पडत नाहीत. मागच्या आजारातल्या उरलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

ताप उतरला की पुढचे तीन महिने शरीराला द्यावेत. तंबाखू, मिश्री, गुटखा, दारू यांनी बीजाचे नुकसान होते. निदान या तीन महिन्यांत तरी त्यांना हात लावू नये. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो आपल्या पोरांच्या खिशात सापडतो, हे आपण सगळे जाणतो.

व्यायामशाळेत कोणी ताकदीचे इंजेक्शन देतो म्हणाला तर सावध राहा. बाहेरून पुरुषी संप्रेरक घेतले की शरीर स्वतःचे शुक्रजंतू बनवणे थांबवते. अंग फुगते आणि बीज आटते. तसेच, रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, संतानप्राप्ती, हमखास इलाज’ असे रंगवलेले असते. अशा दाव्यांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. जो भिंतीवर हमखास लिहितो, त्याच्याकडे रिपोर्ट नसतो, फक्त दर असतो. अंगारे-धुपारे, नवस-सायास आपण सोडले, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग पाळणा हलेना म्हणून रात्री कोणाच्या तरी उंबऱ्याशी चोरून जाऊ नये.

मूल हवे असलेल्या जोडप्याने नियमित सहवासात एक वर्ष वाट पाहावी; पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिने. त्यानंतर दोघांनी एकाच दिवशी तपासणीला जावे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण पूर्णपणे किंवा काही अंशी असते. पुरुषाची पहिली तपासणी स्त्रीच्या तपासण्यांपेक्षा सोपी, स्वस्त आणि बिनात्रासाची आहे. मग बाईच्या पोटावर यंत्रे फिरवून, तिच्या नळ्या तपासून, हजारो रुपये घालवून झाल्यावर शेवटी पुरुषाचा नंबर का लागावा? हातखंब्यासारख्या गावात सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. तिथून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात कुठे जायचे ते कळते. चिठ्ठी काढायला पुरुषाने स्वतः रांगेत उभे राहावे.

न बोलण्याची किंमत

हे मराठीतून उघडपणे सांगणारा माणूस आपल्याच जिल्ह्याच्या मातीतला होता. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातील र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि स्त्री-पुरुष संबंधांबद्दलच्या लोकांच्या प्रश्नांना शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली. त्याबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात वकील म्हणून उभे राहिले ते बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण शरीराबद्दलचा प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, या बाजूला बाबासाहेब उभे राहिले, हे आपण विसरू नये. नव्वद वर्षांनंतरही आपल्या घरात तो प्रश्न विचारायला आपण लाजत असू, तर त्याची किंमत सून मोजते.

आता आक्कांच्या घरचे सांगतो. मुलगा डॉक्टरांकडे गेला. ताप कधी आला होता ते या वेळी त्याने सांगितले. डॉक्टरांनी औषधाची एक गोळी न देता तीन महिने थांबायला सांगितले. जानेवारीत पुन्हा तपासणी झाली. संख्या २ कोटी ८० लाख आली.

पण मला खरी गोष्ट सांगायची आहे ती त्या आधीची. दुसरा रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या सुट्टीत, तो मुलगा स्वतः एस.टी.ने देवरुखकडे सासुरवाडीला गेला. सासऱ्यांसमोर म्हणाला, “तिच्यात दोष नाही. माझ्यात आहे का ते अजून ठरायचे आहे. काही निघाले तरी ती माझ्यासोबत घरी येणार असेल तर मी न्यायला आलोय.” सून आली. आक्कांनी दारात तिचा हात धरला. त्या मला नंतर म्हणाल्या, “भाऊ, मी तिला काय बाय बोललेय. ता आता कुठल्या डाक्टरला दावू?”

त्या घरात बाळाची चाहूल अजून लागलेली नाही. लागेल किंवा त्यांना आणखी उपचार घ्यावे लागतील. दोघे एकत्र दवाखान्यात जात आहेत. पण नवऱ्याचे जेवण सुरू झाले, संध्याकाळी तो घरी येतो, आणि गेल्या महिन्यात वाडीत एक नामकरण झाले तेव्हा आक्कांनी स्वतः बाळ उचलून सुनेच्या हातात दिले. सगळ्या बायका पाहत होत्या.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी असा कागद आला, तर एवढेच करा. आधी तारीख पाहा. मागच्या तीन महिन्यांत ताप होता का ते विचारा. दुसऱ्या तपासणीपर्यंत कोणालाही नाव ठेवू नका, आणि दुसऱ्या तपासणीनंतरही ठेवू नका.

जयभीम.